हृदयाला ठिगळ

हृदय ही वस्तु आमच्या धंद्यांतली. गेलीं तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकवितांना आम्हीं किती हृदयें भग्न केलीं आणि तास संपण्याच्या आंत किती सांधून दिलीं, याचा हिशेब नाहीं. परंतु खरें हृदय भंगलें म्हणजे काय होतें हें कळण्यास आम्हांला पन्नाशी उलटावी लागली. आणि तें शिकविलें कोणा कवीनें नव्हे, वाशीमच्या एका शेतकरी बालमित्रानें.

त्याला गेल्या पावसाळ्यांत हृदयविकाराचा झटका आला. अकोल्यास नेईपर्यंत व्हायचें तें नुकसान होऊन गेलें होतें. जीव बचावला, पण पद्मतीर्थाच्या ज्या पायऱ्या आम्ही दोघे लहानपणीं धांवत चढत असूं, त्यांतल्या चार चढतांच त्याला बसावें लागूं लागलें. एके संध्याकाळीं त्यानें खिशांतून एक गुळगुळीत इंग्रजी पत्रक काढून आमच्या हातीं दिलें. मूलपेशी टोंचून हृदय पूर्ववत् करून देण्याचें त्यांत आश्वासन होतें.

"दोन एकर इकलं का जमते," तो म्हणाला. "तू येवढं वाचून सांग मले. तुह्या इंग्रजीचा गावाले कायतरी उपेग होऊ दे."

आम्हीं पंधरा दिवस मिळेल तें वाचलें. कातडी सोलवटली तर पुन्हा येते; हृदयाच्या स्नायूचें तसें नाहीं. मोठ्या झटक्यांत सुमारें शंभर कोटी पेशी मरतात व तेथें निव्वळ वण उरतो. अणुबाँबच्या चाचण्यांनीं हवेंत सोडलेल्या किरणोत्सर्गी कार्बनाचा माग काढून स्वीडनच्या संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, पंचविशींत हृदयस्नायूच्या पेशी वर्षाला शेंकडा एक या गतीनें बदलतात. पंचाहत्तरींत त्याच्या निम्म्यानेंहि नाहीं. निसर्ग येथें फारच कृपण!

ती उणीव भरून काढण्यास मग माणसानें कंबर बांधली. २००६ सालीं जपानच्या शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या त्वचेच्या पेशींत अवघीं चार जनुकें घालून त्यांना गर्भावस्थेंतल्यासारखें रूप दिलें. पुढल्याच वर्षीं माणसाच्या पेशींतहि तें साधलें. अशा पेशींना क्रमाक्रमानें योग्य रसायनें दिलीं कीं त्यांचा हृदयस्नायु बनतो, आणि काचेच्या बशींत तो आपण होऊन धडधडूं लागतो. जर्मनींत अशा स्नायूचें ठिगळ एका स्त्रीच्या दुबळ्या हृदयावर बसविलें. तीन महिन्यांनीं तिला दुसरें हृदय मिळालें, तेव्हां काढलेल्या हृदयावर तें ठिगळ जिवंत आढळलें. हा वृत्तांत २०२५ सालीं प्रसिद्ध झाला.

पण बशींतला हा स्नायु अर्भकासारखा अपक्व असतो. त्याला रक्तवाहिन्या हव्यात, मूळ हृदयाशीं त्याचा ताल जुळावयास हवा. न जुळल्यास ठोके बिघडून जिवावर बेततें. शिवाय या वाटेवर खोटेपणाहि झाला आहे. हृदयांतच मूलपेशी असल्याचें सांगणाऱ्या एका संशोधकाचे एकतीस निबंध मागें घ्यावेत, असें २०१८ सालीं खुद्द हार्वर्डला म्हणावें लागलें. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेंहि २०१७ सालीं स्पष्ट बजावलें आहे कीं, रक्ताचे कांहीं विकार वगळतां मूलपेशींचा प्रयोग मान्य चाचणीबाहेर करूं नये. म्हणजे पत्रकांत जें विकावयास काढलें होतें, तें अद्याप जगांत तयारच झालेलें नव्हतें.

हें सर्व त्याच पायऱ्यांवर बसून आम्हीं मित्राला सांगितलें. वर्गांत इतकी वर्षें बोललों, पण "जमीन विकूं नकोस" हीं तीन पदें उच्चारतांना जीभ जड झाली. कारण जमिनीबरोबर त्याची आशाहि आम्ही काढून घेत होतों. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

"म्हंजे होईन नक्की," तो शेवटीं म्हणाला, "पण माह्या येळेले नाही."

कोणत्याहि कवीची ओळ त्या वेळीं आमच्या मदतीस आली नाहीं. त्यानें तें पत्रक पसरलें, त्यांत शेंगांचीं टरफलें गोळा केलीं, आणि उठून म्हणाला, "चाल, आज पाच चढून पाहू."

आम्हीं हात पुढें केला. पांचवी पायरी चढावयास आम्हां दोघांनाहि बराच वेळ लागला.