गुडघ्यांना न दुखवता लोणारची फेरी

घरचं देवदर्शन असो की सहल, एक गोष्ट ठरलेलीच असते. पायऱ्या दिसल्या की घरातली वडीलधारी बाई म्हणते, “तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच.” आणि आपणही फारसा आग्रह करत नाही. चपला नि पिशव्या त्यांच्याजवळ ठेवून मोकळ्या होतो!

आमचं गाव बीबी, तालुका लोणार. लोणारचं सरोवर आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. बाहेरगावची माणसं मुद्दाम बघायला येतात, आणि आमच्या सासूबाई मात्र तीन वेळा जाऊनही तिन्ही वेळा गाडीतच बसून परत आलेल्या. मागच्या थंडीत पाहुणे आले नि पुन्हा लोणारचा बेत निघाला. डबा भरताना त्या हळूच म्हणाल्या, “तू जाय बाई त्यांच्यासंगं. मी घरीच बरी. गाडीतच बसायचं त घरी काय वाईट?” ते वाक्य मला लागलं हो. तेव्हाच ठरवलं, या खेपेला खाली उतरायचंच नाही. काठाकाठानं फिरायचं.

तुम्हीही असंच करा. लोणार म्हणजे एक प्रचंड वाडगा समजा. रुंदी सुमारे 1.8 किलोमीटर, आणि काठापासून पाण्यापर्यंत खोली सुमारे 137 मीटर. खाली उतरायची वाट झाडीतून जाते. उतरताना काही वाटत नाही, पण चढताना गुडघे बोलू लागतात. काठावरून मात्र सगळं सरोवर एका नजरेत मावतं: मधलं हिरवट पाणी, भोवती झाडीची रुंद पट्टी, झाडीत लपलेली जुनी देवळं. काठाचा पूर्ण घेर साडेपाच किलोमीटरच्या वर भरतो, तेव्हा पूर्ण फेरीचा हट्ट नको. दहा मिनिटं चालावं, थांबावं, पुन्हा चालावं, नि थकवा वाटला की आल्या वाटेनं परत फिरावं.

सासूबाई काठी टेकत, माझा हात धरून निघाल्या. पहिल्याच वळणावर थांबल्या. खालून मोराचा आवाज आला. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “एवढं मोठं हाय व्हय हे!”

हे एवढं मोठं झालं कशानं? पुराणात सांगतात, इथं लवणासुर दैत्य दडून बसला होता. विष्णूनं दैत्यसूदनाच्या रूपात त्याला मारलं. शास्त्रज्ञ सांगतात, आकाशातून उल्का आदळली नि काळ्या बेसाल्ट खडकात हा खड्डा पडला. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली. हा उल्केचाच खड्डा, हे मात्र 1973 च्या सुमारास खडकांच्या तपासणीतून पक्कं झालं. वयाचा हिशेब आधी पन्नासेक हजार वर्षांचा होता. अलीकडच्या मोजणीत तो पावणेसहा लाखांच्या घरात गेला आहे.

पाणी खारं आणि धुण्याच्या सोड्यासारखं. इथल्या खाराचा उपयोग काच नि साबण करायला होतो, असा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

काठावरच गोमुखाची धार आहे. तिथं पायऱ्या आहेत, म्हणून सासूबाईंना वरच बसवलं नि तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातावर घातलं. खालच्या कमळजादेवीला त्यांनी वरूनच हात जोडले. मग गावात दैत्यसूदनाचं देऊळ दाखवलं. ते भर गावात असल्यानं डोंगर चढणं-उतरणं नाही. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला निवांत वेळ ठेवा, आणि आत छताकडे मान वर करून बघायला विसरू नका. वेळ उरला तर आडव्या मारुतीचंही दर्शन घ्या.

आता चार सोयीच्या गोष्टी. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात दुपारी जाऊच नका. सकाळी लवकर पोचा. वाट फरसबंदीची समजू नका, खडे-मुरूम असतोच; तेव्हा नव्या चपला नकोत, टाचेला पट्टा असलेल्या जुन्या घाला. काठाला सगळीकडे कठडा नाही, म्हणून मुलांचा हात सोडू नका. बसायला एक घडीची सतरंजी, पिण्याचं पाणी घरचं, आणि डब्यात दशम्या, तिळाची चटणी असं न सांडणारं काही. हे अभयारण्य आहे. कागद, पिशव्या परत आणा, आणि माकडांपुढे डबा उघडू नका.

पाहुणे खाली उतरून, घामाघूम होऊन वर आले, तेव्हा आम्ही दोघी सतरंजीवर दशमी खात बसलो होतो. सासूबाईच त्यांना खाणाखुणा करून दाखवत होत्या, “ते पाहा, ते कमळजेचं देऊळ, अन् ती तिकडची झाडी...” तीन वेळा गाडीत बसलेली बाई चौथ्या वेळी पाहुण्यांना लोणार दाखवत होती.

तुमच्या घरीही कोणी “मी बसते इथंच” म्हणत असेल, तर पुढच्या सहलीचा रस्ता त्यांच्या पायांना झेपेल असा आखा. आमचं आता संक्रांतीनंतर पुन्हा जायचं ठरलंय, आणि या खेपेला बेत सासूबाईंनीच काढलाय.