रावांची हेराल्ड

तिरुचीहून आलेल्या दलालाने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाला बुटाने हलकेच ठोकले आणि आकडा सांगितला. तो ऐकून रावांनी हातातला कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

“अहो, एवढे तर नुसत्या लोखंडाचे येतील,” ते म्हणाले.

“लोखंडाचेच देतोय, सार,” दलाल म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. वर्षानुवर्षे जुन्या गाड्या घेणारा-विकणारा माणूस तो; बाजारात जो भाव आहे तो त्याने सांगितला, इतकेच.

हे घडले तंजावरात, राजवाड्याच्या पश्चिमेच्या राजरस्त्यावरच्या एका जुन्या घरात. घर मराठी माणसाचे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले, त्यानंतर इकडे आलेली कितीतरी घराणी इथेच रुजली. १८५५ साली इंग्रजांनी राज्य खालसा केले, तरी ती हलली नाहीत. अशा घरांत पुरुषांच्या नावामागे ‘राव’ असायचेच. म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या, पंच्याहत्तरीच्या या गृहस्थांना सगळी गल्ली नुसते ‘राव’ म्हणते. आपणही तेच म्हणू.

घर विकायचे ठरले होते. तिघे भाऊ, तिघांची मुले तीन गावांना. घर गेले की कडेची पत्र्याची शेडही जाणार, आणि शेडमध्ये उभी होती वडिलांनी १९६८ साली घेतलेली चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड. रंग फिका निळा, चाकांवरच्या निकेलच्या टोप्या अजून जागेवर. गाडी वडिलांची, म्हणजे तिच्या किमतीतही तिघांचा वाटा. रावांना पैशांचा मोह नव्हता, पण भावांपुढे लोखंडाचा भाव कोणत्या तोंडाने ठेवायचा?

त्यात जखमेवर मीठ चोळणारी गोष्ट अशी, की दोनच महिन्यांपूर्वी मागच्या गल्लीतली एक प्रीमियर पद्मिनी चेन्नईच्या एका हौशी गृहस्थाने नेली. ती रावांच्या गाडीहून पंधरा-वीस वर्षांनी धाकटी. पत्रा खालून कुजलेला, दार उचलून लावावे लागे. तरी तिला याच्या तिप्पट पैसे आले!

असे का व्हावे? राव हिशेबाचा माणूस. कोडे सुटल्याखेरीज त्यांना झोप येईना.

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण एकेकाळी या देशात मोटार घ्यायची म्हणजे तीनच नावे होती. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. फियाटच्या कारखान्यामागे वालचंद हिराचंदांसारखा सोलापूरचा माणूस. तंजावरच्या मराठी वकिलाने खरे तर तीच घ्यायची! पण रावांच्या वडिलांनी घेतली मद्रासची. कारण अगदी साधे होते. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हेराल्ड त्या मानाने लवकर हाती पडे. ज्या वस्तूसाठी रांग लागते ती मोलाची आणि जी सहज मिळते तिच्यात काहीतरी खोट असणार, असा समज त्या टंचाईच्या काळात पक्का झाला. हेराल्डच्या कपाळावरचा पहिला डाग तो.

गाडी मात्र खानदानी. मूळची इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची, नाव ट्रायम्फ हेराल्ड. १९५९ साली ती तिकडे बाजारात आली. देखणे रूप दिले जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने. १९६१पासून ती मद्रासला ‘स्टँडर्ड’ नावाने निघू लागली. इंजिन जेमतेम ९४८ सीसीचे. पण तिचे दोन गुण बघण्यासारखे. एक म्हणजे नुसते झाकण न उघडता पुढचा अख्खा जबडा, मडगार्डांसकट, पुढे कलंडतो. इंजिनाचा कोपरान् कोपरा समोर येतो. मेकॅनिकला चाकावर बसून काम करता येते. दुसरा गुण, ती पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. तंजावरच्या बोळांत जिथे अँबॅसडरवाला तीनदा मागेपुढे करून घामाघूम होई, तिथे वकीलसाहेब एका दमात गाडी फिरवून घरात कॉफी प्यायला हजर!

या हेराल्डची एक धाकटी बहीणही आहे, आणि ती स्पोर्ट्स कार आहे, हे रावांना पंच्याहत्तरीत कळले. नातवाकडून. नातू नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीलाच असतो. एका रविवारी तिथल्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. लाल रंगाच्या, दोनच आसनांच्या, उघड्या टपाच्या एका छोट्या गाडीच्या मालकाने पुढचा अख्खा भाग कलंडून दाखवला आणि पोरगा उभ्या जागी ओरडला. त्याने तिथूनच फोन लावला. “आजोबा, आपली गाडी! आतून हुबेहूब आपली गाडी!”

ती होती ट्रायम्फ स्पिटफायर. १९६२ साली हेराल्डचीच चासी आखूड करून, तिचेच इंजिन जरा तेज करून मिकेलोत्तीने ही घडवली. १९६५च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती आपल्या गटात पहिली आली. १९८०पर्यंत तीन लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. मात्र नातवाने पुढे सांगितलेली गोष्ट रावांना जास्त महत्त्वाची वाटली. स्पिटफायरलाही तिकडे भाव कमीच. तिच्याच वर्षी जन्मलेली एमजीबी नावाची गाडी संख्येने पाच लाखांच्या वर, म्हणजे दुर्मिळ तर अजिबात नाही. तरी लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. स्पिटफायरवर बंद टप आणि सहा सिलिंडरचे इंजिन चढवून केलेल्या जीटी-६ला तर ‘गरिबाची ई-टाइप’ म्हणत. जग्वारच्या ई-टाइपसारखी दिसते म्हणून कौतुक आणि ती जग्वार नाही म्हणून हेटाळणी, एकाच दमात!

म्हणजे कमी भाव हा एकट्या रावांच्या गाडीचा भोग नव्हता, सगळ्या माहेराचाच होता. कारण तेही नातवाने विचारून घेतले. या सगळ्या बहिणींची मागची चाके जुन्या पद्धतीने जोडलेली. अर्धा-अर्धा आस मधल्या गिअरपेटीपाशी बिजागरीसारखा हलतो. खड्ड्यात एक चाक गेले तर दुसऱ्याला धक्का नाही, हा फायदा. पण भरधाव वळणावर एकदम ॲक्सिलेटर सोडला तर मागचे चाक आत दुमडू बघते. शर्यतीच्या शौकिनांनी याचा गवगवा केला. कंपनीने १९६८ साली जीटी-६मध्ये आणि १९७०मध्ये स्पिटफायरमध्ये दुरुस्ती केली, पण दुरुस्तीची बातमी लोकांपर्यंत सावकाश जाते आणि बदनामी वाऱ्यावर जाते.

आपल्याकडे भरधाव वळायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे गाडीत सहा माणसे, दोन पोरे, वर लग्नाच्या भांड्यांचे पोते! एवढे ओझे बसले की हेराल्डची मागची चाके फेंगडी होत, टायर आतल्या बाजूने झिजत. लोक हसत. अखेर मद्रासच्या कंपनीने १९७०च्या दशकात ‘गझेल’ काढली, ती सरळ एकसंध आसाची. आपल्याच जुन्या गाडीच्या निंदकांना कंपनीने मान डोलावून होकार दिल्यासारखे झाले.

याहून मोठा घोटाळा पुढच्या चाकांत होता, आणि तो सांगितलाच पाहिजे. या गाडीचे पुढचे चाक वळते ते खाली पितळी स्क्रूसारख्या एका सांध्यावर, ट्रनियनवर. त्याला ग्रीस चालत नाही. जाड गिअर तेल पिचकारीने भरावे लागते, तसे गाडीच्या पुस्तकात छापलेले आहे. पण आपल्या गॅरेजांत सांधा दिसला की ग्रीस, हा शिरस्ता. अँबॅसडरला ग्रीस, फियाटला ग्रीस, मग हिलाच काय सोने लागले आहे? ग्रीस आतपर्यंत पोचत नाही, पाणी शिरते, लोखंड खंगते, आणि एक दिवस भर रस्त्यात चाक वाकडे होऊन गाडी बसते. मग ‘हेराल्डचे चाक तुटते’ ही म्हणच पडली. दोष ज्याने पुस्तक वाचले नाही त्याचा, नाव मात्र गाडीचे खराब! रावांचे वडील वकील. छापलेला शब्द म्हणजे त्यांना कायदा. दर काही महिन्यांनी रविवारी सकाळी धोतर खोचून ते स्वतः पिचकारी घेऊन गाडीखाली जात. ती पिचकारी पुढे रावांकडे आली. या गाडीचे चाक कधी तुटले नाही.

आणि शेवटचे कारण म्हणजे गाडीला माहेर उरले नाही. १९७७ नंतर स्टँडर्डने मोटारी बंद केल्या. १९८५ साली ‘स्टँडर्ड २०००’ नावाची महागडी गाडी आणून पुन्हा प्रयत्न केला, तो तीनेक वर्षांत आटोपला. इकडे पद्मिनी विसावे शतक संपेतो निघत होती, अँबॅसडर तर २०१४पर्यंत. गावोगाव त्यांचे सुटे भाग, गावोगाव त्यांचे मेकॅनिक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत तर आपल्यातला कोण बसलेला नाही? आज ज्यांच्या हातात चार पैसे आहेत ते लहानपणी ज्या गाडीच्या खिडकीत बसले, तीच त्यांना हवी असते. जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ९२८ ही गाडी १९७८ साली युरोपात ‘वर्षातली सर्वोत्तम मोटार’ ठरली. हा मान मिळवणारी ती एकमेव स्पोर्ट्स कार. तरी भिंतीवर चित्र लावले ते पोरांनी थोरल्या ९११चे, म्हणून भाव तिचाच चढा राहिला. गाडीच्या किमतीत लोखंड थोडे, आठवण फार. हेराल्डची आठवण असणारी माणसेच मुळात थोडी.

एवढे सगळे समजूनही घरातला प्रश्न होता तिथेच होता. चेन्नईच्या मुलाने तोडगा काढला. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते, तशी करू, किंमत वाढेल. रावांनी नियम वाचला. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. “म्हणजे देव्हाऱ्यातला टाक,” राव म्हणाले. “दसऱ्याला पुसायचा आणि परत ठेवायचा. दर सोमवारी बृहदीश्वराला कोण नेणार मला?” मुलगा म्हणाला, “रिक्षा.” विषय तिथेच मिटला.

पुण्याच्या विहीणबाई तेव्हा मुक्कामाला होत्या. रावांचे मराठी ऐकून त्या पदराआड हसत. पोथीतल्यासारखे बोलता म्हणत. त्याही म्हणाल्या, “देऊन टाका हो, जुनी झाली.” राव म्हणाले, “जुनी आहे, पण चालते.” ते गाडीबद्दल बोलले की आणखी कशाबद्दल, हे विहीणबाईंनी विचारले नाही.

घराचा व्यवहार पुरा व्हायला पंधरा दिवस उरले असताना कुंभकोणमहून एक मुलगा मोटारसायकलवर आला. दुचाकी दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवणारा, पंचविशीचा. त्याने फेरी मारली नाही, चाक ठोकले नाही. शर्ट काढून शेडच्या खांबाला अडकवला आणि सरळ गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, “अय्या, पुढच्या सांध्याला ग्रीस घालता की तेल?”

रावांनी आत जाऊन पत्नीला आणखी एक कॉफी करायला सांगितले.

मुलाकडे पैसे थोडे. दलालाच्या आकड्यापेक्षा जरा वर, तेही दोन हप्त्यांत. फियाट घ्यायची ऐपत नाही, हे त्याने आपण होऊनच सांगितले. हेराल्डला कुणी विचारत नाही म्हणूनच तर तो इथवर आला होता. “अहो, हप्त्याने?” स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीने विचारले. “आणि भावजींना काय सांगणार?” भावांना रावांनी मागच्या गल्लीतल्या पद्मिनीला जेवढे आले तेवढाच आकडा सांगितला आणि त्या हिशेबाने दोघांचे वाटे स्वतःच्या ठेवीतून पोचते केले. वकिलाच्या मुलाने खोटे बोलायला नको होते, असे कुणी म्हणेल. पण वडिलांच्या गाडीचा लोखंडाचा भाव भावांच्या कानांवर जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

गाडी न्यायला मुलगा शुक्रवारी आला. जबडा पुढे कलंडून तेलपाणी बघितले. रावांच्या पत्नीने बॉनेटला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. रस्त्याला तेव्हा ऐन गर्दी; भाजीची गाडी, शाळेची बस, मध्येच एक गाय. मुलाने स्टिअरिंग पूर्ण फिरवले आणि गाडी एका दमात वळून पूर्वेला लागली.

तेलाची पिचकारी शेडमध्येच राहिली होती. रावांनी ती फडक्यात गुंडाळली आणि सोमवारी देवळातून परतताना बसस्टँडवर जाऊन कुंभकोणमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली.