समोरचा ओटा

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळाने नववीच्या मुलांसाठी एक विषय ठेवला होता: ‘साथीच्या काळात कुरियरवाल्याने पार्सल शेजाऱ्याकडे ठेवावे काय?’ परीक्षकाच्या खुर्चीवर मला बसविण्यात आले होते. विषय ऐकून प्रथम मला हसूच आले. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा ‘लेखणी श्रेष्ठ की तलवार’ असल्या भारदस्त प्रश्नांवर घसा कोरडा करीत असू, आणि त्या दोहोंपैकी एकही वस्तू आमच्यापैकी कोणाला धड चालविता येत नसे. त्या मानाने या मुलांचा विषय त्यांच्या अंगणातला होता. २०२० साली ती आठ-नऊ वर्षांची असतील. दाराशी आलेल्या खोक्याकडे घरातली मोठी माणसे कसल्या नजरेने पाहत, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

मुले बोललीही चांगली. एका मुलाचे वडील कुरियरचेच काम करतात. तो उठून म्हणाला, “त्या दिवसांत बाबांना रोज साठ-सत्तर दारे फिरावी लागत. घरात कोणी नसले की तेच पार्सल दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचे, आणि पैसे मात्र पोचविलेल्या पार्सलाचेच मिळायचे. त्यांनी एकाच दारी दोनदा जावे, की शेजारच्या दारी एकदा?” सभागृह क्षणभर स्तब्ध झाले. प्रतिपक्षाच्या मुलीने तितक्याच शांतपणे उत्तर दिले, “पण औषधाचे पार्सल शेजारी गेले म्हणजे घरातले दुखणे गल्लीभर होते, त्याचे काय?” मी दोघांनाही सारखेच गुण दिले, चहा घेतला आणि घरी निघालो.

मांडवीच्या दरवाज्यापाशी गर्दीत स्कूटर अडकली असताना माझ्या एकदम ध्यानात आले, की पाऊण तास चाललेल्या त्या वादात कुरियरवाल्याची बाजू मांडली गेली, माल मागविणाऱ्याची मांडली गेली, कंपनीचीही मांडली गेली. शेजाऱ्याची बाजू मात्र कोणीच मांडली नव्हती. पार्सल ठेवायचे ज्याच्या घरी, त्याचे म्हणणे काय, हा प्रश्न ना मुलांना सुचला, ना परीक्षकाला. मुलांचे सोडा. पण परीक्षकाला तो सुचू नये, ही गोष्ट मला फार लागली. कारण त्या प्रश्नाचे उत्तर गेली कित्येक वर्षे माझ्या समोरच्या घरात राहत आहे.

आम्ही राहतो ती वडोदऱ्याच्या जुन्या वस्तीतली पोळ. दोन्ही अंगांनी भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे, मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी वाट, आणि प्रत्येक घरापुढे ओटा. हा ओटा घराचाही नाही आणि रस्त्याचाही नाही. त्यावर भाजी निवडली जाते, भांडणे होतात आणि मिटतातही. निम्मी घरे मराठी, निम्मी गुजराती. परंतु मागल्या दोन पिढ्यांत बोलीची इतकी सरमिसळ झाली आहे, की रागावताना कोण कोणत्या भाषेत रागावेल याचा नेम नाही.

माझ्या अगदी समोरच्या घरात बा राहतात. गुजराती घरातल्या वृद्ध स्त्रीला सगळेच ‘बा’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. २०२० मध्ये त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा परदेशी. त्यांचे दार सकाळी सहाला उघडे होई ते रात्री नऊला मिटे, आणि मधला सारा वेळ त्या दारालगतच्या हिंचक्यावर, म्हणजे आपल्या झोपाळ्यावर, बसलेल्या असत. साहजिकच पोळीतल्या सर्व कुरियरवाल्यांचा तो हक्काचा मुक्काम झाला. नोकरी करणारी माणसे दिवसभर बाहेर. बा मात्र नेहमी घरी. पार्सल हिंचक्याखाली ठेवले जाई. सही करावयाची वेळ आली म्हणजे बा कुरियरवाल्याच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने गुजरातीत आपले नाव काढीत, आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारीत. माझ्या वाट्याची हाक ठरलेली असे: “मास्तर, तमारुं पारसल आव्युं छे!”

आमच्या लहानपणी असे नव्हते. रजिस्टरचे पत्र आले म्हणजे पोस्टमन नाव विचारून, सही घेऊन, ज्याचे त्याच्या हाती देई. वडील घरी नसतील तर तो पुन्हा येई. ती रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा आमच्या पिढीतल्या पुष्कळांना उगाच चुटपुट लागली. त्या सेवेत एक शिस्त होती. खाजगी कुरियर आले, घरबसल्या खरेदी आली, आणि वस्तू पोचल्याशी कारण, ती कोणाच्या हातून पोचते याच्याशी नाही, असे आपण सर्वांनी न बोलता ठरवून टाकले. मीही ठरविले. मोबाइलवर माल मागविताना पत्त्याखाली सूचनेची जागा असते. तेथे मी एकदाच कधीतरी ‘घरी कोणी नसल्यास समोरच्या घरी द्यावे’ असे लिहून ठेवले होते. ते वाक्य पुढे प्रत्येक खरेदीबरोबर आपोआप जात राहिले.

मग २०२० चा मार्च आला. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, आणि २५ पासून सारा देश दाराआड गेला. त्याच सुमारास एक संशोधन प्रसिद्ध झाले होते. प्रयोगशाळेत हा विषाणू पुठ्ठ्यावर सुमारे २४ तास आणि प्लॅस्टिकवर दोन-तीन दिवस टिकून राहिलेला आढळला, असे त्यात म्हटले होते. झाले! आमच्या पोळीत दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जाऊ लागल्या, भाजीला मिठाच्या पाण्याचे स्नान घडू लागले, आणि वर्तमानपत्राला इस्त्री करणारे एक गृहस्थही मी पाहिले. पुढे दिसून आले, की वस्तूंच्या स्पर्शाने रोग जडण्याचा धोका फारच थोडा. खरा धोका माणसाच्या श्वासाचा, जवळ उभे राहून बोलण्याचा, कोंडलेल्या हवेचा. म्हणजे आम्ही खोक्याला भीत होतो, आणि भ्यावयास हवे होते ते खोके देता-घेताना समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन तोंडांना.

हा हिशेब कोणीही मांडून पाहावा. पार्सल थेट माझ्या दारी आले, तर एक भेट होते: कुरियरवाल्याची आणि माझी. ते शेजारी ठेवले, तर दोन भेटी होतात: आधी कुरियरवाल्याची आणि शेजाऱ्याची, मग शेजाऱ्याची आणि माझी. आणि ज्या शेजाऱ्याच्या घरी पोळीतल्या दहा घरांची पार्सले येतात, त्याच्या भेटी मोजायला बोटे पुरत नाहीत. साऱ्या पोळीचा धोका गोळा होऊन एका हिंचक्याखाली येऊन बसतो. तो हिंचका नेमका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा होता.

पार्सलाची भीती तशी नवी नाही. इंग्लंडातल्या डर्बीशायर परगण्यात ईम नावाचे खेडे आहे. तेथे १६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला, असे परंपरेने सांगतात. पुढच्या वर्षी त्या गावाने स्वतःभोवती सीमा आखून घेतली. आसपासचे लोक सीमेवरच्या दगडापाशी अन्नधान्य ठेवून निघून जात. दगडाला भोके पाडलेली असत. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी त्यात नाणी ठेवीत. देणाराही दिसत नसे आणि घेणाराही. पार्सल पोचविण्याची याहून शहाणी पद्धत साडेतीनशे वर्षांनंतर आम्हालाही सापडली नाही. पण त्या गावाने आपली सीमा स्वतः मान्य केली होती, हे या कथेतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाल्या. मी माडीवरच्या खोलीत कानांत यंत्र घालून भिंतीशी बोलावे तसा व्याकरण शिकवीत असे. मोबाइल उभा राहीना, म्हणून मी एक लाकडी टेकू मागविला. किंमत दोनशे रुपयांच्या आत. कुरियरवाल्याने खालून हाका मारल्या त्या मला ऐकू गेल्या नाहीत. मी घरात असूनही माझे ते जुने वाक्य आपले काम करून गेले. संध्याकाळी बांच्या हाकेने मी खाली उतरलो. त्यांनी तोंडाला पदर लावला होता, आणि हिंचक्याखाली त्या दिवशी सात पार्सले होती. मी टेकू घेतला, दोन मिनिटे बोललो आणि वर गेलो. असे पुढेही अनेकदा घडले. एकदाही मी त्यांना म्हणालो नाही, “बा, हे तुम्हाला चालते ना?”

सप्टेंबरमध्ये बा आजारी पडल्या. ताप, मग खोकला, मग रात्री आलेली रुग्णवाहिका. पोळीतली सारी दारे किलकिली झाली. पण एकही पुरते उघडले नाही. माझेही नाही. त्या सोळा दिवस रुग्णालयात होत्या. मी मनाशी दिवस मोजीत बसलो: माझे शेवटचे पार्सल त्यांच्याकडे कधी आले होते? आजारापूर्वी सहा दिवस. भाजीची गाडीही त्यांच्या दारी येत होती, औषधे घेऊन त्यांचा पुतण्याही येत असे. रोग कोणाकडून आला हे कळण्यास काही मार्ग नव्हता. कळले असते तर एक तर मी सुटलो असतो, नाहीतर अडकलो असतो. दोन्हींपैकी काहीच झाले नाही.

बा बऱ्या होऊन परत आल्या, आणि मग आम्ही दुसरी चूक केली. त्यांच्या मुलाने परदेशातून पोळीतल्या चार-पाच घरी फोन केला, आणि आम्ही सर्वांनी एकमताने ठरविले की यापुढे बांच्या घरी कोणाचेही पार्सल जाता कामा नये. मी मोबाइलवरचे ते वाक्य पुसून टाकले. त्यांच्या दारावर गुजरातीत एक कागद डकवण्यात आला. आम्हाला मोठे समाधान वाटले. आठवडाभर त्यांचे दार मिटलेले होते.

आठव्या दिवशी त्यांनी मला ओट्यावरूनच हाक मारली. मी मधली वाट सोडून अलीकडेच उभा राहिलो. आवाज खोल गेला होता. त्या म्हणाल्या, “मास्तर, कागद कोणी लावला?”

मी म्हटले, “बा, तुमच्या काळजीपोटी सर्वांनी मिळून लावला.”

“सर्वांनी म्हणजे कोणी? मला तर कोणी विचारले नाही.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “पार्सले ठेवली तेव्हाही कोणी विचारले नव्हते. पण तेव्हा निदान दिवसाकाठी दहा माणसे दाराशी येत होती.”

यावर मी काय बोलणार? वर्गात मुलांना प्रयोग शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एकही वाक्य सुचले नाही. आम्ही त्यांच्या दाराचा उपयोग केला तोही आमच्या सोयीने, आणि ते दार बंद केले तेही आमच्या समाधानासाठी. ज्या कामाचा आम्हाला भार वाटत होता, ते त्या बाईचे दिवसाचे निम्मे आयुष्य होते, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

तोड त्यांनीच काढली. त्यांच्या माजघरात सासूच्या वेळची एक सागवानी पेटी होती. ती त्यांनी पुतण्याकडून ओट्यावर आणवून ठेवविली, आणि कागद स्वतःच्या हाताने काढून टाकला. कुरियरवाल्याने पेटीत पार्सल ठेवावे, पेटीवर दोनदा थाप मारावी आणि निघून जावे. बा आतून, खिडकीच्या गजांआडून पाहणार. पार्सलाला हात लावणार नाहीत. पण नाव विचारून घेऊन हाक मात्र मारणार. ज्याचे त्याने येऊन उचलावे. औषधाचे असेल तर ते घरी कोणी असतानाच मागवावे, असा नियमही त्यांनीच घातला; नववीतल्या त्या मुलीचा मुद्दा बांना आधीच सुचला होता म्हणायचा. कुरियरवाल्यांना ही व्यवस्था फार पसंत पडली. एकजण तर म्हणाला, की साऱ्या गावात याच दारी त्याला कोणी लांब उभे राहूनही “पाणी घे” म्हणते. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला झाकलेला माठ आणि कागदाचे पेले ठेवलेले असत.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मी ती बातमी बांना वाचून दाखविली. त्यांनी पेटी आत नेली नाही. “पेटीला काय त्रास होतो आहे?” एवढेच म्हणाल्या. आता ती उन्हापावसाने काळवंडली आहे आणि झाकणाची एक बिजागरी निसटली आहे. हल्ली कुरियरवाला पार्सल आत ठेवतो, त्याचे छायाचित्र घेतो आणि पायऱ्या उतरतो.

वादविवादाच्या त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा बा नेहमीच्या जागी होत्या. मी स्कूटर लावली आणि ओट्याच्या पायरीवर बसून त्यांना मुलांच्या वादाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, त्या कुरियरवाल्याच्या मुलाचे नाव विचारले, आणि मग पेटीकडे बोट केले.

“दुपारपासून पडले आहे, मास्तर. पाऊस येईल, आधी ते उचला.”