भांबुर्डा

भात कापून झालं की पनवेल-उरणच्या शेतांत ओल मागे राहते. त्या ओलीवर वाल धरतो आणि त्याच्या आगेमागे, बांधावर, कुणी न पेरता भांबुर्डा उगवतो. काही जण त्याला भामरुड म्हणतात. गुडघाभर रोप, कातर कडांची लवदार पानं, माथ्यावर बारीक पिवळी फुलं. कूळ सूर्यफुलाचं, पण ऐट नाही. पान चुरडलं मात्र, की कापराच्या जवळचा उग्र, कडवट वास बोटांना धरून बसतो.

पौष-माघाच्या थंडीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा बेत, ठरली की या पाल्याचा मान. आगरी घरांत मडक्याच्या तळाशी त्याचा जाड थर देतात. वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. मधूनमधून पुन्हा पाला. तोंडही पाल्यानंच गच्च बंद. पाणी थेंबभरही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या पेटवतात. शेंगांची आणि पाल्याची ओल आतल्या आत वाफ होते, आणि वास दाण्यापर्यंत मुरतो. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडावं. चर्र झालं की पोपटी झाली. पाला कुणाच्या ताटात येत नाही. धुपाची राख तरी कोण पाहतो?

याच शेतांच्या मुलखात १९७० मध्ये शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर उठलं. जानेवारी १९८४ मध्ये, ऐन पोपटीच्या दिवसांत, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी त्या जमिनीसाठी प्राण दिले. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडीही कापली. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं. वालाची कितीतरी शेतं गेली, शेंग विकत आणावी लागते. भांबुर्डा मात्र अजून फुकट आहे. त्याच्या बियांना रेशमासारखे केस असतात. वारा नेईल तिथे, भराव टाकलेल्या मोकळ्या प्लॉटवरसुद्धा, तो रुजतो. सातबारा कुणाच्या नावावर चढला, हे तो विचारत नाही. या चिवटपणापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

रोप एका वर्षाचंच. यंदा पोपटी लावाल तेव्हा शेंडे खुडा, मुळासकट उपटू नका, आणि चार रोपं बी धरेपर्यंत उभी राहू द्या.