नक्को

डोंगर चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते, हे आम्हांस १९८८ च्या पावसाळ्यात उमगले. सरकारी कामानिमित्त आम्ही नल्लमलाच्या रानात, फर्‍हाबादच्या पठारावर गेलो होतो. शिवाजी महाराज १६७७ मध्ये श्रीशैलास गेले, तो हाच डोंगराळ मुलूख. दुपारी आभाळ भरून आले. आमचे वाहनचालक वयाने वडीलधारे. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. ‘आज मुक्काम करावा,’ असे ते म्हणाले. दुसर्‍या दिवशीच्या बैठकीची सबब सांगून आम्ही त्यांचे म्हणणे मोडून काढले.

अर्ध्या वाटेत चाचांना हुडहुडी भरून ताप चढला. स्टिअरिंग आमच्या हाती आले. जीपच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ होती. पण वाट निसरड्या चिखलाची आणि एका अंगाला दरी. पहिल्याच उतारावर आम्ही घाबरून ब्रेक दाबला. चाके जागच्या जागी अडली आणि जीप दरीकडे घसरू लागली.

‘साब, बिरेक नक्को!’ मागून चाचा ओरडले.

आम्ही पाय उचलला. चाके फिरू लागली, तशी जीप पुन्हा वाटेवर आली. गाडी थांबवून, घोंगडीत गुरफटलेले चाचा सांगत होते तसे आम्ही शेजारचे छोटे दांडे ओढले, पहिला गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय काढला. त्या गिअरमध्ये चाके सुमारे अडीच पट मंद फिरतात; उतरत्या गाडीचा भार इंजिनच तोलून धरते. तासाभराची वाट आम्ही तीन तासांत उतरलो. मन्ननूरला डांबरी सडक लागली तेव्हा चाचांचा डोळा लागला होता. बैठक मात्र पुढे ढकलली गेली होती!

जामबागेत वाढलेल्या आम्हां मुलांना दखनीतले ‘नक्को’ हसण्याजोगे वाटे. वस्तुतः तो आपलाच ‘नको’. त्या दिवशी त्यानेच दोन जीव वाचवले.

परवा चिरंजीवांनी नव्या गाडीतले, उतारावर वेग आपोआप आवरणारे बटण कौतुकाने दाखवले. सोय खरोखर उत्तम आहे. पण निघण्यापूर्वी ‘आज नको’ म्हणणार्‍याचे ऐकण्याचे बटण अजून निघालेले नाही.

दौर्‍याच्या डायरीत आम्ही त्या दिवशी केवळ किलोमीटर लिहिले. आमचा हट्ट लिहिला नाही, चाचांचे उपकारही नाहीत. ती राहिलेली नोंद आज येथे करीत आहोत.