ब्रेकची नळी

आमच्या दारात १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मला तिचा अभिमान वाटतो, आमच्या सौभाग्यवतीला संकोच. गेल्या आश्विनात जोतिबाचे दर्शन घेऊन डोंगर उतरत होतो. मागे सौभाग्यवती आणि नात, दोघी गुलालाने माखून पेंगत होत्या. वळणावर ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला! दुसरा गिअर, तारेवर चालणारा हँडब्रेक आणि कडेचा मातीचा ढिगारा, या तिघांनी लाज राखली. नात जागी होऊन म्हणाली, "आजोबा, घर आलं?"

गाडी ओढून घरी आणली. खाली सरपटून पाहतो तो मागच्या चाकांकडे जाणारी पोलादी नळी गंजून पापुद्रे सुटलेली! कोल्हापूरचा पावसाळी चिखल नळीच्या चिमट्यांत अडकतो, ओला राहतो आणि तिथेच नळीला खातो. दर खंडेनवमीला मी गाडीला हार घातला. वाकून तिच्या पोटाखाली मात्र कधी पाहिले नाही. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. पण द्रव कोंडलेला असला तर ना! आमच्या गाडीत चारही चाके एकाच तेलावर. एक नळी फुटली की चारही मोकळी.

उद्यमनगरातला मिस्त्री म्हणाला, "काका, एक बदलून भागायचं नाही. सगळ्या एकाच वयाच्या हाईत."

"तांब्याची बसवू?"

"नको. थरथरून तडकतंय तांबं."

पोलादी नळ्या घेऊन आलो. नळीचे टोक फुलवण्याआधी तिच्यात नट ओवायचा असतो. हे ज्ञान मला दोनदा, टोक फुलवून झाल्यावरच झाले.

मग हवा काढायची. सर्वांत लांबचे, मागचे डावे चाक आधी. मी खाली, सौभाग्यवती पेडलवर.

"दाब!"

"दाबलं."

"सोडू नकोस!"

"अहो, मघापासून दाबूनच बसलेय!"

बाटलीत बुडबुडे येत राहिले. तिसऱ्या चाकाला तिने पायाची चप्पल काढली आणि पदर खोचला. तिन्हीसांजेला पेडल टणक झाले.

चार दिवस गाडी गल्लीतच चालवली, रोज खाली पुठ्ठा पसरून डाग पाहिला. मग पुन्हा जोतिबाला गेलो. या वेळी ती पुढच्या आसनावर बसली. उतरताना प्रत्येक वळणावर माझ्याआधी तिचाच पाय दाबला जात होता.