बर्फावरची लढाई आणि आमचा न मिटणारा वाद

चित्रपटांतील सर्वोत्तम अ‍ॅक्शन संगीत कोणाचे, हा वाद आमच्या पिढीत बहुधा दोन नावांभोवती फिरतो. एका बाजूला जॉन विल्यम्सचे चाहते असतात, दुसऱ्या बाजूला हान्स झिमरचे. क्वचित एखादा जेरी गोल्डस्मिथचे नाव घेतो. सगळे आदराने मान डोलावतात आणि पुन्हा पहिल्या दोघांकडे वळतात. इतिहासाच्या या धाग्यात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु माझे मत ज्या संगीताला जाते ते एका मध्ययुगीन लढाईसाठी रचलेले आहे, त्या लढाईची लोकस्मृती घडवण्यात त्याचा वाटा आहे, आणि एका राजनैतिक करारापायी ते जवळजवळ दोन वर्षे चित्रपटगृहांतून नाहीसे झाले होते. सर्गेई प्रोकोफिएव्हने १९३८ साली ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ या सोव्हिएत चित्रपटासाठी केलेले हे काम.

आधी निकषाविषयी. आपण हा वाद घालतो तेव्हा बहुतेक वेळा कानाला हेडफोन लावून सुटी ध्वनिमुद्रणे ऐकलेली असतात. पण प्रत्यक्ष प्रसंगात या संगीताला एकट्याने बोलायचे नसते. घोड्यांच्या टापा, शस्त्रांचा खणखणाट, इंजिनांची घरघर यांच्या गर्दीत त्याला जागा शोधावी लागते. प्रसंगी जागा सोडावीही लागते. ‘बेन-हर’मधील (१९५९) रथांची शर्यत आठवा. मिक्लोश रोझाचे भव्य संगीत शर्यतीपूर्वीच्या संचलनाला आहे; शर्यत सुरू झाल्यावर ऐकू येतात ती चाके, टापा आणि गर्दीचा कल्लोळ. ‘बुलिट’मध्ये (१९६८) लालो शिफ्रिनचे संगीत एक मोटार दुसरीच्या मागावर असते तोवर ताण चढवत नेते आणि खरा पाठलाग सुरू होताच थांबते. असे थांबणे हासुद्धा मी अ‍ॅक्शन संगीताचाच भाग मानतो. जो संगीतकार प्रसंगाला काय हवे आणि काय नको, हे दोन्ही ओळखतो तो माझ्या लेखी मोठा.

या कसोटीवर नेहमीची नावेही चांगलीच उतरतात. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधील (१९६८) माणसांच्या शिकारीसाठी गोल्डस्मिथने पशूच्या शिंगाचे वाद्य आणि स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी वापरली, आजही तो प्रसंग अंगावर येतो. अशा माणसाला ऑस्कर मिळाले ते एकदाच, ‘द ओमेन’साठी, याची मला अजून चीड आहे. झिमरने ‘डंकर्क’मध्ये (२०१७) घड्याळाची टिकटिक आणि सतत चढतच आहे असा भास देणारा स्वर यांवर जवळजवळ अख्खा चित्रपट पेलला. विल्यम्सविषयी नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे. मात्र त्याच्या ‘स्टार वॉर्स’च्या रणशिंगांमागे उभा असलेला माणूस या धाग्याच्या वाचकांना ठाऊक असायला हवा.

एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार. लहानपणापासून असामान्य प्रतिभेचा म्हणून गाजलेला, विशीच्या सुरुवातीलाच ऑपेराकार म्हणून नावारूपाला आलेला. १९३८च्या आरंभी ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’च्या कामासाठी त्याला हॉलिवूडहून बोलावणे आले. चित्रपट पाहून त्याने आधी नकार दिला होता. एवढी धावपळ आणि मारामारी आपल्या प्रकृतीची नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. तोवर कोर्नगोल्ड अमेरिकेत होता. रॉबिन हूडने आपला जीव वाचवला, असे तो पुढे सांगत असे. या संगीताला ऑस्करही मिळाले. हॉलिवूडचा तलवारबाजीचा नाद ज्या व्हिएन्नातून आला, त्या व्हिएन्नात त्याच्या जनकाला परतणे अशक्य झाले होते.

आणि त्याच १९३८ साली, युरोपच्या दुसऱ्या टोकाला, प्रोकोफिएव्ह आणि दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन एका जर्मन आक्रमणाचे चित्रण करत होते. आक्रमण सातशे वर्षांपूर्वीचे होते. रोख अर्थातच वर्तमानावर होता.

५ एप्रिल १२४२ रोजी नॉवगोरोडचा राजपुत्र अलेक्झांडर आणि ट्यूटॉनिक पंथाच्या धर्मयोद्ध्यांची बाजू यांच्यात पायपस सरोवरापाशी लढाई झाली. चित्रपटात ती सुमारे अर्धा तास चालते. चित्रीकरण भर उन्हाळ्यात मॉस्कोत झाले, त्यामुळे बर्फ नकली होते. परंतु पहिल्या काही क्षणांतच थंडी वाजू लागते, ती संगीतामुळे. तंतुवाद्यांचा खरखरीत, गोठलेला कंप. दूरवर एक शिंग. रशियन सैनिक क्षितिजाकडे पाहत उभे आहेत आणि बराच वेळ काहीही घडत नाही. मग खालच्या स्वरांत टापांसारखी एकसुरी लय सुरू होते, तिच्यावर धर्मयोद्ध्यांचे लॅटिन गायन चढते, आणि क्षितिजावरची बारीक रेघ हळूहळू मोठी होत जाते. हल्ला येण्यापूर्वीच्या या प्रतीक्षेतील बारा दृश्यांचा आयझेनस्टाइनने पुढे एका निबंधात स्वरलिपीसह आराखडा मांडला. तो आराखडा थोडा ओढूनताणून जुळवलेला आहे, असे मला वाटते. प्रसंगाला त्याची गरज नाही. महत्त्वाचे असे की, काही ठिकाणी संगीत आधी मुद्रित झाले आणि दृश्ये त्याच्या मापाने कापली गेली. पार्श्वसंगीत हा शब्दच इथे अपुरा पडतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सर्वाधिक रस आहे तो प्रोकोफिएव्हच्या एका निर्णयात. तेराव्या शतकातील खरे कॅथलिक धर्मसंगीत वापरण्याचा विचार त्याने केला आणि सोडून दिला. ते आजच्या प्रेक्षकाच्या भावनांपासून फार दूर गेले आहे, असे त्याचे कारण होते. (उलट रोझाने ‘क्वो व्हादिस’साठी प्राचीन ग्रीक शिलालेखावरील स्वर शोधून काढले. मला रोझाच्या कष्टांचा आदर वाटतो, पण लक्षात राहतो प्रोकोफिएव्ह.) त्याने धर्मयोद्ध्यांसाठी स्वतःचे लॅटिन गायन रचले आणि त्यांची शिंगे मायक्रोफोनच्या अगदी जवळ वाजवून मुद्दाम फाटक्या, कर्कश आवाजात मुद्रित केली. शत्रूचा आवाज रशियन कानाला खुपला पाहिजे, हा हेतू. त्या काळी ध्वनिमुद्रणातला दोष समजली जाणारी गोष्ट त्याने शस्त्र म्हणून वापरली.

आता मूळ साधनांकडे या. चित्रपटात लढाईचा शेवट होतो तो बर्फ फुटून जड चिलखतांतले शत्रू बुडण्याने, आणि आज ही लढाई जगाला ठाऊक आहे ती याच चित्रामुळे. नॉवगोरोडच्या बखरवजा वृत्तान्तात ४०० जर्मन पडल्याचा, ५० पकडल्याचा आणि बर्फावरून झालेल्या पाठलागाचा उल्लेख आहे. सामूहिक जलसमाधीचा नाही. धर्मयोद्ध्यांच्या बाजूने लिहिलेला पद्यमय वृत्तान्त २० योद्धे मेल्याचे व ६ पकडले गेल्याचे सांगतो, आणि मेलेले गवतावर कोसळले असे म्हणतो. गवतावर! संगीताचा विजय कागदपत्रांवर कसा होतो, हे पोवाडे ऐकत वाढलेल्या आपल्याला वेगळे सांगायला नको. सनावळी पाठ होण्यापूर्वी डफ कानात बसलेला असतो. १९४२मध्ये सोव्हिएत सरकारने ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ हे लष्करी पदक सुरू केले, तेव्हा राजपुत्राचे विश्वसनीय चित्र उपलब्ध नसल्याने त्यावर नट निकोलाय चेर्कासॉव्हचा चेहरा कोरला गेला.

पदकाच्या आधी मात्र मौन होते. चित्रपट डिसेंबर १९३८मध्ये आला आणि गाजला. ऑगस्ट १९३९मध्ये सोव्हिएत संघ व जर्मनी यांचा अनाक्रमण करार झाला आणि जर्मनांना खलनायक ठरवणारा हा चित्रपट पडद्यावरून उतरवला गेला. आयझेनस्टाइनकडे काम आले ते वाग्नरचा ‘दी वाल्क्यूरे’ बोल्शोई रंगमंदिरात बसवण्याचे. जून १९४१मध्ये जर्मन फौजा सीमा ओलांडून आल्या आणि तीच कर्कश शिंगे पुन्हा वाजू लागली. संगीताचा एकही स्वर या काळात बदलला नव्हता.

माझ्या मताला सर्वांत जड जाणारा आक्षेप जपानमधून येतो. अकिरा कुरोसावाच्या ‘रान’मध्ये (१९८५) किल्ल्यावरच्या हल्ल्यात रणांगणाचे सर्व आवाज काढून टाकलेले आहेत. माणसे मरतात, बाण सुटतात, आगी लागतात, आणि ऐकू येते ते फक्त तोरु ताकेमित्सूचे संथ, शोकाकुल संगीत. मग बंदुकीचा एक बार होतो, थोरला मुलगा घोड्यावरून कोसळतो, आणि सारा कोलाहल एकदम परत येतो. ताकेमित्सू कोणाचीच बाजू घेत नाही. प्रोकोफिएव्ह घेतो, उघडपणे घेतो, आणि ऐकणाऱ्याला आपल्याबरोबर ओढून नेतो.

तरीही मत प्रोकोफिएव्हलाच. ‘रान’ पाहताना मला लढाईचे दुःख होते. ‘नेव्हस्की’ पाहताना, दोन्ही वृत्तान्त वाचलेले असूनही, मी मनोमन त्या सरोवराच्या काठावर रशियनांच्या रांगेत उभा असतो आणि बर्फ फुटण्याची वाट पाहतो. विल्यम्स आणि झिमरच्या पक्षांनी आपली बाजू खाली जरूर मांडावी. फक्त त्याआधी तो अर्धा तास एकदा सलग पाहा, आणि हेडफोनऐवजी शक्य तेवढ्या मोठ्या स्पीकरवर ऐका. मूळ मुद्रणाचा दर्जा सुमार आहे. तो तसाच असू द्या.